भाडेकरूची भीती

"माझी भूमिका ग्लेबला द्यायचं ठरलंय ना? खरं सांगा."

दार लोटून आत येता येताच वेनियामिननं विचारलं.

त्याचे गाण्याचे मास्तर जखार लुकिच सामोवाराच्या बंबाजवळ बसून चहात चेरीचा मुरंबा कालवत होते.

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला हवं? मला डोळे आहेत."

व्होल्गाकाठच्या त्या गावात एक छोटं ऑपेरा-मंडळ होतं. वेनियामिन, ग्लेब आणि आणखी एक असे तीन गायक, मूठभर वादक, एवढाच संसार. एका विनोदी भूतकथेवरून त्यांनी नवा ऑपेरा बसवला होता. खुर्चीवर टाकलेल्या कोटाला मेलेला घरमालक समजून एक भाडेकरू रात्रभर लटपटतो, अशी गोष्ट. भाडेकरू वेनियामिन. आवाज असा, की ऐकत राहावं. पण तालमीला आलेली माणसं हसेनात. चक्क जांभया देत.

उद्या पहिला प्रयोग. आजच्या शेवटच्या तालमीत कोणी हसलं नाही तर भूमिका जाणार, एवढं मात्र खरं होतं.

"अग्निया पावलोवना पियानो मुद्दाम रेंगाळत वाजवतात. त्यांना कोणी पढवलंय?"

पियानोपाशी बसलेल्या म्हाताऱ्या अग्निया पावलोवनांनी कपाळाला हात लावला.

"आणि तुम्ही, जखार लुकिच! इतकी वर्षं माझा गळा घासूनपुसून घेतलात, पण घाबरायचं कसं, ते दडवून ठेवलंत. ग्लेबला शिकवलंत ना?"

मास्तरांनी बशी खाली ठेवली...

"तू भुताला भितोस?"

"मी? भूतबीत, शकुनबिकुन ही सगळी अडाण्यांची थेरं. मला नुसती हसवायची युक्ती सांगा."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी तर अख्खं मंडळ लागलं होतं! मी असतो तर कान धरून बाहेर काढला असता. जखार लुकिच शांत माणूस. ते उठून जवळ आले.

"कुठे अडतं? दाखव."

वेनियामिननं गाण्याचे कागद पुढे धरले. मास्तरांनी खालून हात मारला. कागद जमिनीवर पडले.

आणि पोरगा धपकन त्या कागदांवर बसला! नव्याकोऱ्या सुटासकट, बुटांनी आत आलेल्या चिखलात.

तिकडच्या नाटकवाल्यांची रीतच आहे. गाण्याचे कागद हातातून पडले, तर उचलण्याआधी त्यांच्यावर बसायचं. नाहीतर प्रयोग पडलाच म्हणून समजा.

वेनियामिन खालून मास्तरांकडे बघत होता. चेहरा पांढराफटक. कागद दोन्ही हातांनी अंगाखाली घट्ट दाबून धरलेले.

"तुम्ही... तुम्ही मुद्दाम पाडलेत!"

पियानोमागून फिस्सकन आवाज आला. अग्निया पावलोवना पोट धरून हसत होत्या. डोळ्यांना पाणी आलं होतं.

"हसताय काय?" वेनियामिन किंचाळला. आवाज चिरकला. "उद्या माझा प्रयोग आहे! माझं वाटोळं होईल!"

त्यांना आणखीच हसू फुटलं.

बिचाऱ्याला रडू यायचंच बाकी राहिलं. तो संतापून उठायला लागला.

जखार लुकिचनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला पुन्हा खाली बसवलं आणि अग्निया पावलोवनांना वाजवायची खूण केली...

"उठू नकोस. तिथूनच गा."