केशरी माशांचे जोडपे

एका राज्यात शूरकेतू नावाचा राजा होता. नौकाविहाराला गेला असता त्याने व्याळनाथ मांत्रिकाच्या बेटाजवळून टोपलीभर मासे धरून आणले. मासे फार देखणे, केशरी अंगावर तीन पांढरे पट्टे. राजाने ते सारे महालातल्या काचेच्या हौदात सोडले. चार दिवसांत ते आपसांत झुंजून मेले.

पाचव्या दिवशी व्याळनाथ महालात आला. रिकाम्या हौदापाशी उभा राहून तो म्हणाला, "राजा, ज्यांचा स्वभाव तू जाणला नाहीस, त्यांना तू एका घरात कोंडलेस. जोवर याच हौदात यांच्या जातीचे एक जोडपे नांदणार नाही आणि त्यांची पिल्ले पोहणार नाहीत, तोवर तुझी लेक पोवळ्याची होत जाईल."

त्याच क्षणी राजकन्या हिरण्मयीची पावले लाल पोवळ्याची झाली. पुढच्या पौर्णिमेला पोवळे गुडघ्यांपर्यंत चढले.

प्रधानाने समुद्रातून दोन मोठ्यात मोठे मासे आणवले. दुसऱ्या दिवशी त्यांतला एकच उरला. मग सेनापतीने त्या उरलेल्याच्या सोबतीला एक लहान मासा आणून सोडला. मोठ्याने त्याला असे पिटाळले की बिचाऱ्याचे पर फाटले आणि तो कोपऱ्यात आडवा झाला. हौदात खारे पाणी भरणारी कोळीण भिवरा हिने त्याला ओंजळीत उचलले, म्हणून तो वाचला. पण तोवर राजकन्येचे हातही पोवळ्याचे झाले होते.

राजाने त्या मोठ्या माशाला मारण्याची आज्ञा दिली. भिवरा पुढे झाली. "महाराज, त्याच्यात दुष्टावा नाही," ती म्हणाली. "त्याचे काहीतरी आपल्याला कळत नाही. मला एक पौर्णिमा द्या."

पुढच्या पौर्णिमेला पोवळे लेकीच्या गळ्याशी येणार, हे राजाला ठाऊक होते. तरी तो हो म्हणाला, कारण त्याच्यापाशी दुसरा उपाय उरला नव्हता.

भिवरा किनाऱ्यावर गेली. तिथे खडकावर बोलणारा खंड्या पक्षी बसला होता. तिने त्याला सारी हकीकत सांगितली. खंड्या म्हणाला, "भिवरे, हे मासे जन्मतः सारे नर असतात. जो सर्वांत मोठा होतो, तो मादी होतो, आणि मादी घरची धनीण. प्रधानाने दोन धनिणी एका घरात घातल्या. सेनापतीने परका नर एकाएकी तिच्या दारात लोटला. आता तीन कामे कर. आधी घर आण, मग ओळख करून दे, आणि मग हात आवर."

समुद्रात हे मासे ज्यात राहतात, ते समुद्रफूल भिवराने काळ्या कातळावरून आणून हौदात ठेवले. ते जिवंत होते आणि त्याच्या बोटांसारख्या पाकळ्या पाण्यात हलत. कातळाला चिकटलेला त्याचा तळवा काढताना फाटू नये म्हणून ती त्याखालचा दगड घासत दोन दिवस कंबरभर पाण्यात उभी होती. मादी त्या पाकळ्यांत शिरली आणि निवांत झाली.

मग बऱ्या झालेल्या लहान नराला तिने वेताच्या जाळीदार पिंजऱ्यात घालून हौदात ठेवले. मादी पिंजऱ्यावर धडका देई. दहा दिवसांनी धडका थांबल्या आणि ती नुसती बघत राहू लागली. तेव्हा भिवराने पिंजरा उघडला.

राजा शेजारीच उभा होता. मादीने नराला चावा घेतला. राजाने हात पाण्याकडे नेला, पण भिवराने त्याचे मनगट धरले. राजाचा हात आजवर कोणी धरला नव्हता.

"थांबा महाराज. तो पळत नाही, बघा."

नर मादीसमोर तिरका झाला आणि सारे अंग थरथरवू लागला. तो भ्याला, असे राजाला वाटले. भिवरा हळूच म्हणाली की हे त्याचे बोलणे आहे, तुझे घर तुझेच आहे असे तो तिला सांगतो आहे. मादीने पुन्हा एकदा ढुशी दिली, मग वळली, आणि नर तिच्यामागून पाकळ्यांत शिरला.

राजा तिथेच खाली बसला. आपण आणलेल्या त्या टोपलीत अशी किती घरे मोडली असतील, असे त्याने विचारले. भिवराने रिकामा पिंजरा पाण्यातून उचलला.

काही दिवसांनी समुद्रफुलाच्या कडेला दगडावर नारिंगी अंडी दिसली. नर रात्रंदिवस त्यांना परांनी वारा घाली. पोवळे राजकन्येच्या गळ्याशी पोचले, तिचा आवाज गेला. पौर्णिमेच्या दिवेलागणीला अंडी फुटली आणि तांदळाच्या कणीएवढी पिल्ले पाण्यात पसरली.

हिरण्मयीच्या अंगावरून पोवळे खपल्यांसारखे गळून पडले. ती अडखळत हौदापाशी आली आणि पिल्ले बघायला तिने पाण्यात हात घातला. मादी पाकळ्यांतून सुसाट आली आणि तिच्या बोटाला कडकडून चावली.

हिरण्मयीने हात वर काढला. बोटावर रक्ताचा थेंब होता.

"दुखते आहे, बाबा," ती म्हणाली आणि हसू लागली. कितीतरी दिवसांनी त्या हाताला काहीतरी जाणवले होते.