म्हाळसेच्या बांधावरचा दगड

करंजोळीच्या तळ्याच्या बांधावर, उत्तरेच्या टोकाला, दगडांची एक ओबडधोबड रास आहे. परदेशातलं शिक्षण संपवून कायमची परतलेली केतकी मैत्रिणीला ती रास दाखवायला निघाली, तेव्हा तिला वाटलं होतं, गाव आपलं कौतुक करील. मागच्या सुट्टीत तिनंच सव्वीस जानेवारीच्या सभेचा व्हिडिओ टाकला होता. बंद पडलेल्या माईकवर म्हातारे धुळाप्पा तळमळून बोलताहेत, आणि कुणालाच ऐकू येत नाही. खाली तिनं प्रेमानं लिहिलं होतं, 'माईक बंद, धुळाप्पा चालू.' लाखोंनी तो पाहिला.

पण स्टँडवर उतरताच भाजीवाली शेजारणीला म्हणताना ऐकू आली, "पुरे गं तुझा धुळाप्पणा!"

"कुणी ऐकत नसताना बोलत सुटलेल्याला आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात," मैत्रीण हसली. "कुणाचं नाव आहे होय ते?"

केतकी बांधाच्या वाटेला लागली. बांधावर धुळाप्पाच उभे होते. पाहुण्यांना इथली गोष्ट तेच सांगतात.

"बसा पोरींनो," म्हणून त्यांनी सुरुवात केली.

फार मागं, दुष्काळात गावानं हे तळं खोदलं. म्हाळसा नावाची बाई मातीच्या दर पाटीमागं विचारायची म्हणे, "पाणी लागलं का?" पाटलानं एकदा थट्टेनं शब्द काढला, 'म्हाळसाळणं'. उगाच विचारत राहणं, असा त्याचा अर्थ. आठवड्याच्या बाजारातून तो शब्द सात गावं फिरला. परक्या गावची पोरंही तिच्या तोंडावर तो म्हणू लागली. म्हाळसेनं बोलणंच सोडलं. पुढं तळं भरलं. एके दुपारी बांधाला फट पडलेली तिनं पाहिली, पण हाक मारली तर लोक पुन्हा हसतील, म्हणून ती एकटीच फटीला पाठ लावून बसली. लोक पोचले तेव्हा बांध शाबूत होता, म्हाळसा जिवंत उरली नव्हती. पाटील अनवाणी, डोक्यावर दगड घेऊन आला आणि गावादेखत म्हणाला, "शब्द माझा." ज्याचं नाव वापरलं त्यानंच दगड उतरवायचा, अशी त्यानं आण घेतली. उतरवायला म्हाळसा कुठली? दिवस मावळेतो तो तसाच उभा होता, असं सांगतात.

"तेव्हापासून असा शब्द काढेल तो दगड आणायचा, त्यांचीच ही रास," धुळाप्पा म्हणाले. "हल्ली दगड येत नाहीत. शब्द मोबाईलमधनं येतात. कुणाचा म्हणून विचारायचं?"

त्यांनी केतकीकडं पाहिलं नाही. मग तिनंच विचारलं,

"आप्पा, त्या दिवशी सभेत तुम्ही काय सांगत होता?"

"हेच की, या टोकाला पाणी पाझरतंय. आता सांगायला जात नाही. उठलो की लोक फिदीफिदी हसतात."

केतकीनं खाली पाहिलं. राशीच्या पायथ्याशी माती ओली होती.

आजही करंजोळीत दगड घेऊन निघालेल्या माणसाची वाट कुणी अडवत नाही, आणि त्याला हातही देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाजार भरायच्या वेळेला, केतकीनं परसातला दगड डोक्यावर घेतला. मैत्रीण मोबाईल काढू लागली, तिला तिनं डोळ्यांनीच नको म्हटलं. मग चपला उंबऱ्याशी काढून ती भर बाजारातून धुळाप्पांच्या दाराकडं निघाली. ते दगड उतरवतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. न उतरवला, तर दिवस मावळेपर्यंत उभं राहायचं, एवढं तिनं ठरवलं होतं.