श्वासाची जागा

“पण इथं का थांबायचं?”

तोमोएनं बासरी ओठांवरून खाली घेतली. समोर तिचे गुरू, म्हातारे गेन्साई, शेगडीशी बसले होते.

जपानातल्या त्या डोंगरगावात, त्यांच्या घरी शिकवणं असंच चाले. गुरूनं वाजवायचं. शिष्येनं समोर बसून, त्यांच्या ओठांकडे नि बोटांकडे बघत, बरोबरीनं वाजवायचं. का, कसं, कशासाठी... काही नाही. चुकलं की एकच शब्द यायचा, “पुन्हा.” जमलं की तोही यायचा नाही.

दाराशी तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं.

“सेन्सेई, उद्या मी क्योतोला निघाले. तिथले गुरू तोंडानं शिकवतात म्हणे. आज तरी सांगा. हिवाळा लागताना ही नवी धून दिलीत. दुसऱ्या ओळीत सूर चांगला चढत असतो आणि मधेच आपण थांबतो. का?”

“माझे गुरू तिथं थांबत.”

“ते का थांबत?”

“त्यांना दमा होता.”

तोमोएनं बासरी मांडीवर ठेवली.

“म्हणजे सबंध हिवाळा मी एका मेलेल्या माणसाचा दमा गिरवत बसले?”

“हो.”

“आणि तुम्हाला हे माहीत होतं!”

“मी त्यांच्यासमोरच बसायचो.”

“मग काढून का नाही टाकलात?”

गेन्साईंनी शेगडीवर हात धरले. उलटे केले. पुन्हा सुलटे.

“तू काढ.”

तिनं बासरी उचलली. रागातच पहिली ओळ वाजवली. दुसऱ्या ओळीत ती थांबली नाही. सूर न तुटता चढला, वर क्षणभर टेकला आणि सावकाश उतरला. तिनं धून शेवटपर्यंत नेली.

...

“छान,” गेन्साई म्हणाले.

या एका शब्दासाठी ती इथं राहिली होती. पाणी भरताना, ओसरी पुसताना, पांघरुणात तोंड खुपसून, तिनं तो त्यांच्या आवाजात किती वेळा स्वतःलाच म्हणून दाखवला होता. आता तो खरोखर आला, आणि दाराशीच्या गाठोड्याकडे तिला बघवेना.

“तिथं थांबलं की...” तिनं हळूच विचारलं, “ते आठवतात तुम्हाला?”

“तिथं थांबलो की शेजारी कुणीतरी दम घेतं.”

तोमोएनं मान खाली घातली.

“आणि शेवटच्या ओळीत?” गेन्साईंनी विचारलं.

“शेवटच्या ओळीत काय?”

“तिथंही मधेच थांबलीस.”

“तिथं तर धूनच थांबते!”

“माझे गुरू तिथं थांबत नसत.”

“पण तुम्ही थांबता. रोज बघते ना मी. तुमचे ओठ सुटतात, खांदे वर येतात, मग तुम्ही जरा...”

ती बोलता बोलता अडली.

बाहेर छपरावरचं बर्फ घसरून धप्पकन अंगणात पडलं.

“कधीपासून, सेन्सेई?”

“याच हिवाळ्यापासून.”

...

तोमोएनं बासरी पुन्हा ओठांना लावली. शेवटची ओळ एका दमात न्यायची म्हणून छाती भरून श्वास घेतला. समोर बघितलं. गेन्साई वाट बघत बसले होते, डोळे मिटून.

तिनं तो श्वास तसाच सोडून दिला. बासरीतून सूर निघाला नाही, नुसती हवा गेली.

गेन्साईंनी शेगडी तिच्याकडे सरकवली.

“घाई नाही, पोरी. अजून मी आहे.”