सुपडू पाटकरी आणि न बुडणारी वाटी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आज्यालाही ते धड माहीत नव्हतं. खानदेशात करंजदर नावाचं एक गाव होतं. नदीला दगडी बंधारा, बंधाऱ्यातून काढलेला पाट, आणि पाटावर सात मळे. त्या पाटाचं दार उघडायचं आणि लावायचं काम शेख सुपडूकडे होतं. पाटाचं पाणी जो वाटून देतो तो पाटकरी. म्हणून सगळे त्याला सुपडू पाटकरी म्हणत.

सुपडू हे नाव का, तर त्याच्या आईची आधीची चार लेकरं गेली होती. पाचवं झालं तेव्हा तिने ते सुपात घातलं, काळाची नजर चुकवली आणि सुपडू म्हणून हाक मारली. आमच्याकडे हिंदू काय अन् मुसलमान काय, लेकरू जगावं म्हणून सगळ्याच आया असं करतात.

त्या काळी घड्याळ कुठलं! घंगाळात पाणी भरायचं आणि वर तांब्याची एक वाटी सोडायची. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. त्यातून पाणी वर चढे, वाटी हळूहळू भरे आणि टण्णकन तळाला जाई. झाली एक वाटी. प्रत्येक पाळीला प्रत्येक मळ्याला बारा वाट्या पाणी. पाटील असो की भील असो, तेरावी वाटी कोणाला नाही. वाटी भरेपर्यंत सुपडू घंगाळाजवळ बसून तसबीचे मणी ओढी. तसबी म्हणजे त्यांची जपमाळ. नऊ फेरे झाले की वाटी बुडायचीच. असं म्हणतात, की दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत, पण सुपडूच्या वाटीबद्दल दोघांचं एकमत असे.

गावाचा कायदा कडक होता. वाटीला जो हात लावील, त्याची एक पाळी तुटली. पाटाच्या शेपटाला धुडकू भिलाचा मळा होता. शेपटाला पाणी पोचेपर्यंत निम्मं वाटेतच जिरतं, हे कोणालाही कळतं. एका साली धुडकूने आपल्या पाळीला सगळ्यांची नजर चुकवून वाटीच्या भोकाला मेण लावलं. वाटी बुडेना, पाणी चालूच राहिलं. सुपडूने पकडलं आणि पुढची पाळी तोडली. धुडकूने पाय धरले, पण सुपडू हलला नाही. त्या साली धुडकूचा गहू करपला आणि त्याची म्हातारी आई उपाशीपोटी गेली. गाव म्हणालं, न्याय म्हणजे न्याय. सुपडूही तेच म्हणाला आणि घरी जाऊन जेवला. हे ध्यानात ठेवा.

सुपडूची बायको हलिमाबी. मोठी टापटिपीची बाई. तिचं अंगण असं, की सांडलेला तांदूळ उचलून शिजवावा. पोटी एकुलती एक लेक, जुबेदा. ती त्या साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पाऊस बेताचाच झालेला. माघ लागला तेव्हा बंधाऱ्यात दोन पाळ्यांपुरतंच पाणी उरलं होतं. गव्हाच्या ओंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. आता पाणी मिळालं तर दाणा भरणार, नाहीतर नुसतं भूस.

पहिल्या पाळीचं दार उघडलं. पाटकऱ्याचा मळा आधी भिजायचा, ही जुनी चाल. तोच त्याचा मेहनताना. सुपडूच्या मळ्याने बारा वाट्या पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ईद आली. पाट एक दिवस बंद राहिला. ईद झाल्यावर बाकीच्या सहा मळ्यांना पाणी सुटलं. एकेक करत पाळी धुडकूवर आली.

त्या दिवशी धुडकूच्या अकराव्या वाटीला घंगाळाजवळ बसलेल्या सुपडूची तसबी आठव्या फेऱ्यात निम्म्यावर होती आणि टण्ण! वाटी तळाला. सुपडूला वाटलं, आपणच फेरा चुकलो. त्याने पुन्हा सोडली. पुन्हा साडेसात. ईदची गडबड, त्यात सहा दिवसांच्या जागरणाने डोळे जड झालेले, त्यामुळे मधल्या मळ्यांच्या वेळी त्याने फेरे मोजलेच नव्हते. त्याने वाटी उचलून उन्हात धरली. वर्षानुवर्षं क्षारांनी काळी पडलेली वाटी आज आरशागत लखलखत होती. भोकाच्या कडेचं कीट साफ निघालं होतं, आणि भोक मोठं झालं होतं.

तो तसाच घरी गेला.

"ही वाटी कोणी घासली?"

"मीच की," हलिमाबी हसून म्हणाली. "अजी, ईदला घरातलं सगळं तांबं चिंच-राखेने उजळलं. म्हटलं, ह्या वाटीनेच काय पाप केलंय?"

सुपडूने वाटी ओट्यावर ठेवली. काय झालं ते त्याने सांगितलं, तसं तिच्या तोंडावरचं हसू गेलं ते गेलंच. सहा मळ्यांना दोन-दोन वाट्या पाणी कमी पडलं होतं. पुरं मिळालं होतं ते फक्त पाटकऱ्याला.

आता सांगा, गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं? आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, जग असंच चालतं. पण सुपडूने त्याच दिवशी सगळ्यांना पाटाच्या दाराशी बोलावलं, आणि लखलखती वाटी मधोमध ठेवून सगळं सांगून टाकलं.

"दुसऱ्या पाळीच्या माझ्या बारा वाट्या सहा मळ्यांना वाटून द्या. दोन-दोन येतील. माझी पाळी तुटली."

उखा पाटील म्हणाला, "सुपडूभाई, येडा झालास का? घरात लेक बाळंतपणाला आलीय. भाभीने काय चोरी केली?"

धुडकू भील तर हात जोडून पुढे आला. "बाबा, मी मेण लावलं ते लबाडीनेच लावलं. भाभीला माझ्या पंगतीला नका बसवू. माझ्या दोन वाट्या मी सोडतो."

सुपडूने त्याचे जोडलेले हात खाली केले. "धुडकू, तुझी आई गेली त्या दिवशी मी घरी पोटभर जेवलो रे. कोणाच्या मनात काय होतं ते अल्ला बघील. तुझ्या गव्हाला पाणी कमी पडलं ते मला भरून द्यायचंय. मुल्लाजी मशिदीत सांगतात, आधीच्या कौमा बुडाल्या त्या याच पायी. मोठ्याने केलं तर सोडलं, गरिबाने केलं तर धरलं. आज मी बायकोला सोडलं, तर उद्या ह्या दाराला हात कुठल्या तोंडाने लावू?"

बायकांच्या घोळक्यात हलिमाबी डोक्यावर पदर ओढून उभी होती. ती एकाच शब्दाची वाट बघत होती. नवऱ्याने एवढंच म्हणावं, की हिची चूक नाही. सुपडूच्या ते ओठांवर आलंसुद्धा. पण त्याला वाटलं, हे बोललो तर लोक म्हणतील, शेवटी घरच्या माणसाची बाजू घेतलीच. त्याने मान खाली घातली आणि तसबीचे मणी बघत राहिला. मला विचाराल तर न्याय तिथवर होता. त्यापुढे होतं ते त्याचं नाक.

तांबटाने भोक ठोकून वाटी पुन्हा नऊ फेऱ्यांवर आणली. दुसरी पाळी झाली. सहा मळे भिजले, पाटकऱ्याचा मळा कोरडा राहिला. हलिमाबी रोज बांधावर जाऊन बसे. ओंब्या आधी पांढऱ्या पडल्या, मग चोळल्या तर हातात भूस. जुबेदाला मुलगी झाली. गावातून पायलीभर गहू, शेरभर डाळ दारात येऊ लागली. सुपडूने हात जोडून सगळं परत पाठवलं. ज्यांना पाणी मोजून द्यायचं त्यांचं खाल्लं तर हात हलतो, असं तो म्हणे. खरंच होतं ते, पण चूल हलिमाबीची होती. घरात जुनी ज्वारी होती थोडी. ती लेकीला पेज करून घाले आणि स्वतः घोटभर पाणी पिऊन म्हणे, माझं झालंय.

सुपडूला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तोही अर्धपोटीच होता. रोज तो ठरवी, आज बोलू. रोज तो दिवस तसाच जाई. वैशाखात हलिमाबी अंथरुणाला खिळली. शेवटी तिने एवढंच विचारलं, "अजी, सगळ्यांचं पाणी भरून निघालं ना?"

"निघालं," सुपडू म्हणाला.

तिने डोळे मिटले. त्याने पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोवर ती गेली होती.

तिला पाटाच्या शेपटाला, धुडकूच्या बांधालगत पुरलं. माती दिल्यावर म्हातारे मुल्लाजी सुपडूजवळ बसले. म्हणाले, "सुपडू, अल्लाने अद्ल सांगितला आणि त्याच दमात एहसान सांगितला. न्याय करा आणि भलाई करा. गावाला तू न्याय दिलास. हिला काय दिलंस?"

सुपडू ढसाढसा रडला. रडून काय होणार!

पुढच्या साली बंधारा काठोकाठ भरला. पहिल्या पाळीला सगळं गाव दाराशी जमलं. सुपडूने बिस्मिल्ला म्हणून घंगाळात वाटी सोडली आणि तसबी धरली. नऊ फेरे झाले. वाटी गळ्यापर्यंत भरली, पण बुडेना. अठरा झाले, सत्तावीस झाले. काठाला पाणी लागलेली वाटी जशीच्या तशी तरंगत राहिली. उखा पाटलाने भोक तपासलं, मोकळं होतं. धुडकूने घंगाळ हलवून बघितलं. काही नाही. ऊन डोक्यावर आलं, लेकरं रडायला लागली, पण जागचं कोणी उठेना. असं म्हणतात, की त्या वेळी झाडावरचं पानसुद्धा हलत नव्हतं.

तेव्हा सुपडू उठला. डोक्याचा फेटा काढून त्याने जमिनीवर ठेवला, शेपटाकडे तोंड केलं आणि सगळ्या गावादेखत मोठ्याने म्हणाला, "हलिमा, तुझी चूक नव्हती गं. चूक नव्हती तुझी."

टण्ण! वाटी तळाला गेली.

त्या दिवसापासून सुपडूने आपला मळा सगळ्यांत शेवटी भिजवला. तो गेला तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून त्याला हलिमाबीच्या पायथ्याशी पुरलं. चुना दिलेल्या त्या दोन कबरी अजून आहेत, आणि उन्हाळ्यातही तिथली माती ओली लागते असं म्हणतात.

आता करंजदरला विहिरी झाल्या, मोटारी आल्या, वेळ लोक मोबाइलवर बघतात. तरी दर साली पहिल्या पाळीला ती वाटी बाहेर निघते. शेपटाकडची एक बाई ती सगळ्यांसमोर चिंच-राखेने घासते. जो कोणी गावचा सरपंच असेल, त्याने उघड्या डोक्याने घंगाळाशी बसायचं, आणि त्या वर्षी त्याचा मळा शेवटी भिजायचा. दार ज्याच्या हाती, त्याची पाळी शेवटची. मग वाटी सोडतात आणि सगळं गाव शेपटाकडे तोंड करून एका आवाजात म्हणतं, "हलिमाबी, तुझी चूक नव्हती." त्याशिवाय दार उघडत नाहीत.

आणि त्या दिवशी गावातले पुष्कळ पुरुष पारावर न रेंगाळता सरळ घरी जातात, असं म्हणतात.