चोरीची कानडी

"येसू कासारणीनं माझी कानडी चोरली!" त्रिविक्रमशास्त्र्यांनी भर दरबारात आरोळी ठोकली. "महाराज, न्याय करा!"

त्याचं असं झालं होतं. नदीपलीकडच्या कानडी राजाचा वकील चिंचगडच्या दरबारात आला होता. शास्त्रीबुवा म्हणजे राज्यातले कानडीचे एकमेव गुरू. महाराजांच्या आजोबांनी तशी सनदच त्यांच्या घराण्याला दिलेली. बुवा उठले, घसा खाकरला आणि घोकून ठेवलेलं स्वागताचं भाषण ठोकलं. ते ऐकून वकिलाला वाटलं, राजवाड्यात कुणीतरी वारलंय. बिचाऱ्यानं हात जोडून मान खाली घातली! राणीसाहेबांना बांगड्या भरायला आलेली येसू पडद्यापाशीच बसली होती. तिनं वकिलाला कानडीत दोन वाक्यं सांगितली मात्र, तो पोट धरून हसला. त्याच्यामागून अख्खा दरबार हसला. ते हसणं बुवांना मिरचीसारखं झोंबलं.

बुवांची शाळा होती ऐन नदीकाठी. पलीकडे बायका धुणं धुता धुता कानडीत भांडत. ती अशुद्ध कानडी मुलांच्या कानांत शिरू नये म्हणून बुवा खिडकी घट्ट लावून घेत! स्वतः त्यांनी आयुष्यात नदी ओलांडली नव्हती. मुलं बिचारी मिसरूड फुटेपर्यंत घोकत आणि कानडीत पाणी मागायची वेळ आली की तहानलेली राहत.

महाराज हैबतराव एक नंबरचे हट्टी. त्यांनी डोळे वटारले. "येसू, तुझे गुरू कोण?"

"गुरू कुठला, म्हाराज? पलीकडच्या बाजारात बांगड्या भरते. बाईचा हात जरा दाबला की ती ओरडते, मेल्लगे! मला कळतं, हळू म्हणतीय. पुढच्या बाईला मीच आधी विचारते, मेल्लगे का? ती हसते आन् सासूचं गाऱ्हाणं सांगाय लागते. सासूचं गाऱ्हाणं कळाय काय शास्त्री लागतो?"

"आणि शब्द कळला नाही तर?"

"खुणा करून विचारते. लागंल तो घेते, न्हाई लागला तर सोडते. चुकलं की बाया खिदळतात. खिदळू द्या! खिदळणारी बाई बांगड्या जास्त घेते."

"ऐकलंत?" शास्त्रीबुवा म्हणाले. "गुरूवाचून मिळवलेली विद्या ही चोरीच! सनदेप्रमाणे या राज्यातली सगळी कानडी माझी!"

"सनद म्हणजे सनद," महाराज गरजले. "येसू, बुवांची कानडी परत कर!"

"देते की, म्हाराज. आत्ता देते. पण बुवांना ती कळणार कशी?"

दरबार खुसखुसला आणि महाराज आणखी भडकले. "मग विसरून जा! पुढच्या बाजाराच्या दिवशी इथं हजर हो. कानडीचा एक शब्द जरी तुझ्या डोक्यात सापडला, तर बांगड्यांची टोपली जप्त आणि नावेत पाय ठेवायला बंदी!"

"टोपली पालथी केली की रिकामी होते, म्हाराज. डोकं कसं रिकामं करू?"

"तुझी तू शिकलीस ना? मग तुझी तू विसर!"

घरी येसूची आंधळी आई होती आणि दोघींची चूल त्याच टोपलीवर पेटायची. येसू विसरायला बसली. पण एक शब्द हाकलला की चार दारात उभे! शेवटी तिनं नाद सोडला. राजाच्या अकलेला चार शिव्या घातल्या, त्याही कानडीत, आणि ठरल्या दिवशी दरबारात गेली.

महाराजांनी हत्तीखान्यातला कानडी माहूत बोलावून ठेवला होता. त्याला फर्मान होतं, "कानडीत असं काही बोल की ज्याला कळेल त्याला जागेवर राहवणारच नाही. काय बोलायचं ते मलाही सांगू नकोस."

माहूत येसूच्या मागे उभा राहिला आणि एकदम ओरडला, "हावु! हावु!"

येसूनं टुणकन उडी मारली आणि खांबाला मिठी घातली. "अगं आई गं! कुठं हाय? कुठं हाय?"

शास्त्रीबुवा जागचे हलले नाहीत. उलट आनंदानं टाळ्या पिटायला लागले. "सापडली! काही म्हणजे काही विसरली नाही!"

माहूत गालात हसत होता. हावु म्हणजे साप, आणि साप तर कुठंच नव्हता. येसूनं खांब सोडला, पदर सावरला आणि बुवांकडे नीट बघितलं.

"बोल, आता काय म्हणणं आहे?" महाराज म्हणाले.

"हरले, म्हाराज. मला न्हाई जमलं विसराय. पण बुवांना बघा की! माणूस साप साप म्हणून बोंबलतोय आन् हे टाळ्या पिटतायत! विसरावं तर असं! मला यांच्याच शाळेत घाला. तिथं बसले की माझी कानडी साफ धुऊन निघंल!"

बुवा लालबुंद झाले. "माझ्या शाळेची टिंगल? अगं, त्या शाळेत दिवाणजी शिकले, सेनापती शिकले, खुद्द महाराज शिकले!"

"मग शाळा लई पक्की म्हणायची," येसू सिंहासनाच्या पायथ्याशी बघत म्हणाली. "म्हाराजांनी पण पाय वर घेतले न्हाईत!"

 महाराजांनी खाली बघितलं. त्यांचे दोन्ही पाय गालिच्यावर ऐटीत पसरलेले होते. त्यांनी सेनापतींचे पाय बघितले, दिवाणजींचे बघितले. सगळे जिथल्या तिथे! आणि मग महाराज असे काही हसायला लागले की मुकुट कानावर आला.

"शाब्बास, येसू! आजपासून नावेचं भाडं तुला कायमचं माफ!" राणीसाहेबांनी तर आपल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून येसूच्या हातात घातल्या. "आणि बुवा," महाराज पुढे म्हणाले, "तुम्ही उद्यापासून हिची टोपली घेऊन पलीकडे जायचं. दुपारचं जेवण तिथंच, स्वतःच्या तोंडानं मागून जेवायचं!"

"पण महाराज," बुवा रडकुंडीला आले, "मी मागू कसं? मला शिकवणार कोण?"

"जेवायची वेळ तर होऊ द्या, बुवा," येसू म्हणाली. "आपोआप येतंय!"

महाराजांचा मुकुट शेवटी खाली पडला, पण हसण्याच्या नादात तो उचलायचं कुणालाच सुचलं नाही.