जात्यामागचा डाग

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा घरांना कुलपं नसायची, घरमालक मात्र असायचे.

एका ओढ्याच्या काठी चार घरांची ओळ होती. चारही घरं पलीकडच्या गावात राहणाऱ्या एकाच मालकाची. शेवटच्या घरात एक बुरूड आणि त्याची बायको म्हाळसा भाड्यानं राहत. तो सुपं आणि टोपल्या विणायचा, ती त्याला बांबूच्या कामट्या तासून द्यायची. घरामागं ओढ्याला एक डोह होता. बांबू भिजत घालायला असा डोह पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

लग्न झाल्यापासून म्हाळसेनं सात घरं बदलली होती. कुठं मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुठं छप्पर गळालं, कुठं नुसतंच 'निघा' म्हणून सांगितलं गेलं. हे आठवं घर. इथं तिनं पहिल्यांदा परसात शेवग्याची फांदी खोचली होती आणि ती जगली होती. शेवगा ज्याच्या परसात जगतो त्याचंच ते घर होऊन जातं, असं तिला मनापासून वाटायचं.

त्या गावाची एक रीत होती. दर पाडव्याआधी मालकाचा कारभारी घरं बघायला यायचा. त्याला म्हणत पाहणी. पाहणीत घर पसंत पडलं तर वर्षभर राहा, नाही तर पाडव्याला बोचकं उचला. मागल्या वर्षी शेजारच्या साळ्यानं भिंतीत एक खुंटी ठोकली म्हणून त्याला घर सोडावं लागलं होतं. निदान लोक तसं म्हणत. त्या खुंटीपायी म्हाळसा वर्षभर भिंतीला टेकायलाही भीत होती.

पाडव्याला अजून दोन महिने होते. एके सकाळी ती ओढ्यावर भांडी घासत होती. पलीकडच्या काठावर मालकांकडचा परीट कपडे आपटत होता. वारा उलटा. परीट हात उंचावून ओरडला, "परवा थोरल्या घरची पा…णी येणार हो!"

म्हाळसेच्या हातातलं पातेलं पाण्यात पडलं. पाहणी! आणि अशी अवेळी!

ती धावत घरी आली. "अहो, ऐकलंत का? परवा पाहणी येणार."

बुरूड म्हणाला, "मला तर इथून 'पाणी येणार' असं ऐकू आलं. वर कुठं तरी बांध फुटला असेल. मी बांबू डोहातून वर काढतो."

"तुम्हाला सगळीकडे पाणीच दिसतं!"

"मग जा की पलीकडे आणि विचार. गुडघाभर तर ओढा आहे."

"आणि काय विचारू? पाहणी का येणार म्हणून? मग त्यांना वाटायचं, हिच्या मनात काळंबेरं आहे म्हणूनच हिला धास्ती पडली."

झालं. ओढा गुडघाभरच होता, पण भीती गळ्यापर्यंत आली होती. खरं म्हणजे पाहणी होते, येत नाही. एवढं बोलण्यातलं वळण म्हाळसेच्या ध्यानात यायला हवं होतं. पण भ्यालेल्या माणसाला व्याकरण कुठलं सुचतं!

ती आधी गेली शेजारच्या कासारीण आजीकडे. आजीनं या ओळीत चाळीस पाहण्या पचवल्या होत्या.

"आजी, कशी सुरुवात करू?"

"वरून," आजी म्हणाली. "आधी आढ्याची जळमटं, मग भिंती, मग भुई. उलटं केलंस तर तोच केर दोनदा झाडशील. चुलीमागची काजळी ओल्या फडक्यानं पुसू नकोस, पसरते. आधी कोरड्या केरसुणीनं झाड. तांब्याच्या घागरीला चिंच आणि मीठ. आणि सारवण आदल्या दिवशीच उरक. ओल्या भुईवर कारभाऱ्याचा पाय पडला की त्याला वाटतं, काहीतरी झाकलंय."

"आणि दाराच्या खाचा?"

"खराट्याची काडी घे. पण म्हाळसे, अशी हातपाय गाळून काय उभी राहतेस? घर आहे, गुन्हा नाही."

म्हाळसेला ते शेवटचं ऐकूच आलं नाही. तिनं चिंच आणि मीठ तेवढं लक्षात ठेवलं.

पहिल्या दिवशी तिनं आढं झाडलं. कोळ्यांची तीन पिढ्यांची जाळी खाली आली. बुरडाच्या कामट्यांचा भुसा तिनं फटीफटीतून काडीनं उकरला. संध्याकाळपर्यंत तिच्या केसांत एवढी धूळ बसली की बुरूड म्हणाला, "आता तुलाच सारवावं लागणार."

तिला हसू आलं नाही. तिची नजर जात्यामागच्या भिंतीवर खिळली होती.

जातं घराबरोबरच आलेलं, भुईत पक्कं बसवलेलं. त्याच्या मागं, बसल्या बाईचं डोकं येईल इतक्या उंचीवर, भिंतीवर एक तेलकट डाग होता. ताटलीएवढा गोल, मधोमध काळपट, कडेला पिवळा. ती राहायला आली तेव्हापासून तो तिथंच होता. कारभाऱ्यानं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण आज म्हाळसेला वाटलं, तो शब्द त्यानं यंदासाठीच राखून ठेवला असणार. 'हा डाग कुणाचा?' तो विचारेल. 'आधीचा,' ती म्हणेल. 'असं सगळेच म्हणतात,' तो म्हणेल. आणि मग पाडवा, बोचकं, नववं घर.

दुसऱ्या दिवशी तिनं डागाशी वैर धरलं. खडूची पूड करून थापली, तेल शोषलं जाईल म्हणून. वाळल्यावर झाडली तर डाग जिथल्या तिथं. रिठ्याच्या पाण्यानं घासला. तो ओला होऊन आणखीच ठसठशीत झाला. मग तिनं चुन्याचे दोन हात मारले. ओला चुना होता तोवर भिंत शुभ्र दिसली. ती निश्चिंत होऊन भाकरी थापायला बसली. भाकरी होते न होते तोच चुना सुकला आणि डाग हळूहळू वर आला.

म्हाळसा पिठाच्या हातांनीच भिंतीपुढं जाऊन उभी राहिली.

"राहू दे गं," बुरूड दारातून म्हणाला. "आपण आलो तेव्हापासून आहे. घराच्या अंगावरचा तीळ म्हणायचा."

"तुमचं ठीक आहे. तुम्हाला कुठंही बसून टोपली विणता येते. मला पुन्हा पहिल्यापासून घर मांडावं लागतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याचा कोयता घेतला आणि डाग खरवडायला लागली. वरचा थर गेला, खाली पिवळी माती. तीही तेलकट. आणखी खोल. बोटभर खड्डा झाला तेव्हा कुठं कोरडी माती लागली. तिनं तो खड्डा नव्या मातीनं लिंपला आणि वर चुना दिला. या वेळी चुना सुकला तरी भिंत पांढरीच राहिली. भुई सारवून झाली तेव्हा तिचे हात चुन्यानं सोलपटले होते, पण जीव जरा थाऱ्यावर आला होता.

तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिला नव्या शंका. अंथरुणं मळकी दिसतील म्हणून ती आजीकडे नेऊन टाकली. पाट आणि घोंगडीही पाठोपाठ गेली. चूल पेटवली तर धूर होईल, म्हणून चूल थंड. पाण्याचा माठ आतून राखेनं घासून दारात पालथा घातला. घरात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर फिरवला. शेवटी घर असं दिसायला लागलं की तिथं कधी कुणी राहिलंच नसावं.

सूर्य वर आला तशी ओढ्यापलीकडे एक बैलगाडी थांबली. परीट पुढं झाला आणि त्यानं एका म्हातारीला हाताला धरून ओढा ओलांडून आणलं. पांढरं लुगडं, हातात काठी, काखेत एक बोचकं.

कारभाऱ्याऐवजी बाई! म्हाळसेला वाटलं, बायकांची नजर तर कोपऱ्याकोपऱ्यात जाते.

"या," ती म्हणाली, "बघा. आढं बघा. चुलीमागं बघा. दाराच्या खाचासुद्धा साफ केल्यात."

म्हातारी उंबऱ्यात थबकली. तिनं इकडे तिकडे पाहिलं. बसायला काही नव्हतं. "छान आहे गं," ती म्हणाली. "लांबून आले. घोटभर पाणी देतेस?"

म्हाळसेनं पालथ्या माठाकडे पाहिलं. घरात पाण्याचा थेंब नव्हता. दारी आलेल्या माणसाला पाणी नाही, अशी वेळ तिच्यावर सात घरांत कधी आली नव्हती. शरमेनं तिचं तोंड लालेलाल झालं. बुरूड तांब्या घेऊन आजीकडे धावला.

म्हातारी तोवर काठी टेकत जात्याजवळ गेली. सारवलेल्या भुईवर हळूच बसली, पाय पसरले आणि मान मागं टेकवली. मग वळून तिनं भिंतीवरून हात फिरवला. एकदा फिरवला. पुन्हा फिरवला.

"इथं काहीतरी होतं," ती म्हणाली.

"होता ना!" म्हाळसा घाईनं पुढं आली. "तेलाचा मोठा डाग. आमचा नव्हे हं तो, आधीपासूनचा. पण तुम्हाला दिसू नये म्हणून खरवडून काढला. बोटभर खोल गेला होता. आता बघा, पत्ता तरी लागतोय का?"

"माझ्यासाठी काढलास?"

"पाहणी येणार म्हणाले ना."

दारात उभा असलेला परीट चमकला. "पाहणी? अहो वहिनी, मी म्हटलं, पाहुणी येणार! मालकांच्या थोरल्या बहीण या, आक्का. थोरलं घर बांधायच्या आधी मालकांचं कुटुंब इथंच राहायचं, आक्का याच घरात जन्मल्या. म्हटलं, वहिनी जरा जेवणखाणाचं बघतील."

म्हाळसेला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं आक्कांच्या पायाशी बसून विचारलं, "तो डाग कशाचा होता?"

आक्का भिंतीवरचा हात न काढता म्हणाल्या, "आईच्या डोक्याचा. पहाटे दळण संपलं की ती इथं मान टेकायची. केसांना कायम करडईचं तेल. मी मांडीवर डोकं ठेवून असायची. तिचं चित्र नाही, दागिना नाही, सगळं वाटणीत गेलं. एवढी भिंत होती. दर पाच-सात वर्षांनी येऊन हात लावून जायची. या खेपेला वाटलं, आता पुन्हा येणं होईलसं दिसत नाही. म्हणून आले."

बुरूड पाण्याचा तांब्या घेऊन आला होता, तो तसाच उभा राहिला.

"माझं चुकलं," म्हाळसा म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

"तू काय मुद्दाम केलंस?" आक्कांनी तिच्या सोलपटलेल्या हातांकडे पाहिलं. "किती घासलंस गं! भाजलेत हात." मग त्यांनी बोचकं सोडलं. आतून खण, नारळ आणि मूठभर तांदूळ काढले आणि म्हाळसेची ओटी भरली. ज्या घरात आपण जन्मलो तिथल्या बाईची ओटी भरायची, हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. मग त्या तांब्यातलं पाणी प्यायल्या, परटाचा हात धरला आणि ओढा उतरून गेल्या.

आता मंडळी, इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण जे घडलं तेच सांगायला हवं.

मालकाला ती ओढ्याकाठची शेवटची जागा कित्येक वर्षांपासून धान्याच्या कोठारासाठी हवी होती. दर वर्षी आक्काच त्याला अडवत. 'आईची भिंत उभी आहे तोवर त्या घराला हात लावायचा नाही,' असं त्यांनी बजावून ठेवलं होतं. म्हणून तर कारभारी त्या डागाबद्दल कधी बोलला नव्हता. ज्या डागाला म्हाळसा भीत होती, त्या डागानंच तिचं छप्पर धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी मालकानं पुन्हा विचारलं, तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या, "आता तिथं माझं काही राहिलं नाही. तुला हवं ते कर. मात्र त्या नवराबायकोला पाडव्यापर्यंत राहू दे."

पाडव्याला बुरडानं सामान गाडीत भरलं. नवं घर ओढ्यापासून अर्ध्या कोसावर मिळालं. तिथून बांबू भिजवायला तो रोज खांद्यावर मोळी घेऊन जायचा आणि ओलं ओझं घेऊन परतायचा. त्यानं म्हाळसेला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर तिला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून कुणी काही निरोप आणला की म्हाळसा हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची. "काय म्हणालात? पुन्हा एकदा सांगा," म्हणायची. लोक तिला बहिरी म्हणून हसत. ती हसू द्यायची.

तात्पर्य : भ्यालेला कान जे नाही तेच ऐकतो, म्हणून घाबरून हात चालवण्याआधी एकदा तोंड उघडून विचारावं.