मोठी चकती आणि रडवं वळण

खिंडजाईच्या घाटाखाली कोंढरी नावाचं एक गाव होतं. गावाची देवी खिंडजाई वर, घाटमाथ्यावर. देवळात शेंदूर फासलेला एक पाषाण होता, बाकी काही नाही. देवीचा चांदीचा मुखवटा पेटीत कुलपात असे. तो वर्षातून एकदाच, चैत्रातल्या जत्रेला बाहेर निघे आणि पालखीत बसून खाली गावात येई. पण त्यासाठी देवीला बोलावणं न्यावं लागे. पूर्वी गावातला एक जण ओटीचा नारळ घेऊन, वाटेत कुठंही न बसता, सगळा घाट चढून जाई. पुढे गावात शर्यतीच्या सायकली आल्या आणि पोरांनी नियम बदलून घेतला. नारळ सायकलवरून जायचा. पायथ्यापासून देवळाच्या कमानीपर्यंत पाय जमिनीला टेकता कामा नये. टेकला तर बोलावणं मोडलं, मुखवटा पेटीतच राहिला.

नियम बदलल्यापासून देवी फारशी उतरली नव्हती. "देवीची इच्छा नाही," असं गाव म्हणे. देवीला कुणी विचारलं नव्हतं.

खरी गोष्ट वेगळी होती. सायकलच्या मागच्या चाकाला लहानमोठ्या चकत्या असतात. साखळी मोठ्या चकतीवर घेतली की पेडल हलकं फिरतं; सायकल हळू जाते, पण चढते. लहान चकतीवर सायकल पळते, पण चढाला पायांचा जीव काढते. घाटासाठी यातलं काय हवं हे कुणालाही कळेल. कोंढरीला कळत नव्हतं. तिथं जत्रेच्या आदल्या दिवशी बोलावणं नेणाऱ्याचं मागचं चाक पारावरच्या पिंपळाला टांगत. निमित्त हळदकुंकू लावायचं, पण सगळं गाव वाकून चकतीचे दाते मोजत असे. ज्याची सगळ्यात मोठी चकतीसुद्धा लहान, तो खरा गडी. पंचवीस दात्यांच्या वर कुणी गेला की त्याची खैर नसे.

एका वर्षी बोलावण्याचा मान कृष्णातला मिळाला. कृष्णात गावच्या डेअरीत कामाला होता आणि उरलेला वेळ सायकलवर असायचा. सपाटीला त्याला कुणी गाठू शकत नसे. आईबापामागं त्याला हौसाआत्यानं वाढवलं होतं. आत्याची नजर आता जात चालली होती. उरलीसुरली वर्षभरात जाईल आणि त्यावर इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं देवीचा मुखवटा बघितला होता, त्यानंतर गर्दीत कधी नीट दिसला नव्हता.

"येकदा तिचं तोंड जवळनं बघू दे रं," ती म्हणाली. "मग नजर गेली तरी चालंल."

कृष्णातनं ते मनावर घेतलं. पलीकडच्या खोऱ्यात तसाच एक उभा रस्ता होता. पहाटे तिकडे जाऊन तो सराव करू लागला, म्हणजे गावातलं कुणी बघायला नको. पंचवीस दात्यांवर तो रोज अर्ध्यात अडकायचा. मग शहरातून त्यानं चौतीस दात्यांची मोठी चकती असलेला संच आणून बसवला, आणि दुसऱ्या दिवशी न थांबता वर पोचला. दम लागला, पण मोडला नाही. घरी आल्यावर त्यानं आत्याचा हात धरून चकतीवर फिरवला.

"अगं बाई, ही तर ताटलीच की रं!"

"हिच्यावरनंच देवी येनार, आत्या," कृष्णात म्हणाला. आत्यानं चाकालाच नमस्कार केला.

जत्रेच्या आदल्या दिवशी तो चाक खांद्यावर घेऊन पाराकडे निघाला. पारावर पोपटराव बसले होते. पोपटराव गावच्या सायकल मंडळाचे अध्यक्ष. ते स्वतः मोटरसायकलवर फिरत. शेजारच्या गावातल्या कुणा सायकलवाल्याची मोठी चकती त्यांनी कुठंतरी बघितली होती, तिचीच गोष्ट चालू होती.

"असली चकती घेऊन आपल्या गावात आला असता," पोपटराव सांगत होते, "तर बायका गिरनी समजून दळान घिऊन आल्या असत्या!"

पार हसून हसून वाकला. कृष्णात कोपऱ्यावरच थबकला. कुणी बघायच्या आत तो मागे फिरला, घरी जाऊन मोठ्या चकतीचा संच काढला, गोणपाटाखाली सारला आणि जुना पंचवीसवाला चढवला. मग चाक पारावर नेऊन टांगलं. लोकांनी दाते मोजले. पोपटरावांनी पाठीवर थाप मारली. कृष्णातला बरं वाटलं. आत्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर आला, पण त्यानं मनाची समजूत घातली की उद्या अंगात देवीचंच बळ येईल.

सकाळी नारळ पाठीला बांधून तो निघाला. पायथ्याचा चढ साधा होता. त्यानं तो अशा वेगानं घेतला की दोन्ही बाजूंनी शिट्ट्या पडल्या. पोपटराव मोटरसायकलवर मागं होतेच. मग रडवं वळण आलं. तिथं रस्ता अंगावर येतो, म्हणून त्याला रडवं म्हणतात. कृष्णातचं बोट सवयीनं गिअरच्या खटक्यावर गेलं. खटका दाबला. काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबला. त्याहून मोठी चकती तिथं नव्हतीच, ती घरी गोणपाटाखाली होती. तो उभा राहून पेडल मारू लागला. मांड्या पेटल्या, सायकल डुगडुगली, पुढचं चाक वळलं आणि त्याचा पाय टेकला.

"चालायचंच," पोपटराव मोटरसायकल वळवत म्हणाले. "देवीची इच्छा न्हाई."

कृष्णात घरी आला तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून उंबऱ्यात बसली होती. काय झालं ते तिला त्याच्या पावलांवरून कळलं. सायकल भिंतीला टेकवल्यावर तिनं सवयीनं चाकावरून हात फिरवला आणि हात थांबला.

"ताटली कुठाय?"

"काढली."

"का?"

"लोकं हसली असती, आत्या."

आत्यानं विचारलं, "किती येळ हसली असती?"

कृष्णातला रडू आलं आणि ते त्यानं लपवलंही नाही.

वर्षभर तो प्रश्न त्याच्या डोक्यातून गेला नाही. पुढच्या चैत्रात त्यानं बोलावण्याचा मान पुन्हा मागितला. दुसरं कुणी पुढं येईना, म्हणून गावानं नाक मुरडत दिला. या वेळी कृष्णातनं मोठ्या चकतीचं चाक भर पारावर, सगळ्यांच्या देखत टांगलं.

"आरं, ह्यो भाकरीचा तवाच बसवून आलाय!" पोपटराव ओरडले.

सगळा पार हसला. पोरं हसली, म्हातारे हसले, पिंपळाखाली निजलेला कुत्रा दचकून उठला. कृष्णात हात बांधून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले, पण तो हलला नाही. तेवढ्यात हॉटेलातून चहा आला. ज्याचा त्याचा कप हातात आला, आणि बोलणं उसाच्या भावावर गेलं.

कृष्णातला वर्षापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. चहा येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो इतक्या सावकाश चढला की एक बकऱ्यांचा कळप त्याच्या पुढं निघून गेला. या खेपेला शिट्ट्या वाजल्या नाहीत. रडव्या वळणावर त्यानं खटका दाबला, साखळी मोठ्या चकतीवर चढली आणि पाय गोल फिरत राहिले. कमानीखालून जाताना त्याला दम लागला होता, मोडला नव्हता. पुजाऱ्यानं पेटीचं कुलूप काढलं.

संध्याकाळी पालखी हौसाआत्याच्या दारात थांबली. आत्या तेच लुगडं नेसून उंबऱ्यात उभी होती. तिची नजर थंडीतच पूर्ण गेली होती. पुजाऱ्यानं तिचा हात धरून मुखवट्यावर ठेवला. ती बोटांनी कपाळ, नाक, ओठ चाचपत राहिली.

"मोत्याचीच नथ हाय का रं?"

"मोत्याचीच, आत्या."

"आन हसतीया?"

कृष्णातनं निरखून बघितलं. "हसतीया."

"मग तशीच हाय," आत्या म्हणाली. तिला आनंद झाला होता. पण हे म्हणताना तिचं तोंड देवीकडे नव्हतं; ते जरा बाजूला, भिंतीकडे वळलेलं होतं. कृष्णातनं हळूच तिची हनुवटी धरून ते पालखीकडे केलं.

तात्पर्य: चढासाठी चकती निवडताना चढाला आणि आपल्या पायांना विचारावं, पारावरच्या लोकांना विचारू नये. त्यांचं हसू चहा येईपर्यंत टिकतं. त्या हसण्याला भिऊन घालवलेली वेळ परत आणता येत नाही.